विज्ञानकथा संमेलनात आदिवासी आणि प्रादेशिक गोष्टी: उद्घाटन झाल्यावर त्या कुठे जातात?

मूळनक्षत्र (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

विज्ञानकथेच्या संमेलनांत आदिवासी समाजांच्या आणि प्रादेशिक भाषांतल्या कथनाला मान मिळावा, हे आता बहुतेक सगळेच मान्य करतात. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या अनेक संमेलनांच्या सुरुवातीला त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचं ऋण व्यक्त केलं जातं. कधी त्यांच्यातलं कुणी वडीलधारं माणूस येऊन स्वागत करतं. ही प्रथा चांगली आहे, ती टिकावी. माझा प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे. मंगळावरच्या वसाहती, यंत्रांची बुद्धी, जगाचा अंत, परग्रहवासीयांशी पहिली भेट अशा विषयांवर परिसंवाद सुरू होतात, तेव्हा स्वागत करून गेलेल्यांपैकी कुणी त्या टेबलाशी बसलेलं असतं का?

त्यांची खरी जागा तिथेच आहे असं मला मनापासून वाटतं. समुद्रापलीकडून अनोळखी जहाज येतं, त्यातून उतरलेल्यांकडे आपल्यापेक्षा जबरदस्त हत्यारं असतात, ते जमीन आपल्या नावावर करून टाकतात. विज्ञानकथेने हे कथानक शंभर वेळा रंगवलं. ज्यांच्या पणज्यांनी ते सोसलं त्यांना बाजूला ठेवून त्याच विषयावर तासभर चर्चा करण्यात काय हशील?

थोडा इतिहास. वर्ल्डकॉन हे विज्ञानकथेचं जागतिक संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कला सुरू झालं. इंग्रजी भाषा नसलेल्या देशात जायला त्याला १९७० उजाडलं (जर्मनीतलं हायडेलबर्ग), आशियात यायला २००७ (जपानमधलं योकोहामा). मूळ दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या कादंबरीला विज्ञानकथेचा मानाचा ह्यूगो पुरस्कार पहिल्यांदा मिळाला तो २०१५ साली, ल्यू त्सिशिन यांच्या चिनी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला. २०२३ चं संमेलन चीनमधल्या चंगडूला भरलं. एका मोठ्या, लिखित, शासनमान्य भाषेला आत यायला इतकी दशकं लागली. मग ज्या परंपरा आजही मुख्यतः तोंडी आहेत, ज्यांची पुस्तकंच नाहीत, त्यांना हे दार आणखी किती जड जात असेल!

उत्तर अमेरिकेतल्या अनिशिनाबे या आदिवासी समाजातल्या विदुषी ग्रेस डिलन यांनी ‘इंडिजिनस फ्यूचरिझम’ (आदिवासींच्या नजरेतून भविष्य) ही संकल्पना मांडली आणि २०१२ मध्ये जगभरच्या आदिवासी लेखकांच्या विज्ञानकथांचं संकलन काढलं. त्यांच्या मांडणीतला मला सर्वांत पटलेला भाग असा, की या समाजांकडे विज्ञान होतंच. पेरणी, नौकानयन, आकाशनिरीक्षण, जंगल राखणं, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या तपासून घेतलेलं ज्ञान आहे आणि गोष्ट हे ते साठवण्याचं साधन आहे.

ऑस्ट्रेलियातल्या आकाशातला एमू (शहामृगासारखा मोठा पक्षी) घ्या. आपण ताऱ्यांना रेघा जोडून आकृत्या काढतो. तिथल्या अनेक आदिवासी समाजांनी आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांमध्ये एमू पाहिला. दक्षिण क्रॉस या तारकासमूहाजवळचा कोलसॅक नावाचा काळा डाग म्हणजे त्याचं डोकं, आणि तिथून वृश्चिक-धनूकडे पसरलेलं त्याचं अंग. वर्षभरात या एमूची ठेवण बदलते, तसं खाली जमिनीवर एमूचा अंडी घालण्याचा हंगाम केव्हा आला ते कळतं. ताऱ्यांमधल्या अंधाराला आकार देणारी ही नजर, आणि ते काळे पट्टे म्हणजे धुळीचे ढग आहेत हे आजचं खगोलशास्त्र, हे दोन्ही एका व्यासपीठावर ऐकायला मिळालं तर मी सगळी कामं सोडून जाईन.

तर मला चर्चा हवी आहे ती याची: असं सत्र खरोखर चांगलं व्हायचं असेल तर ते कसं असावं?

वेधशाळा

फार चांगला धागा. मी आकाशाचंच पुढे नेतो.

आपल्याकडे सप्तर्षी म्हटलं की सात ऋषी. टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंडांच्या आकाशाचा अभ्यास करून २०१३ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यांत तेच सात तारे वेगळे दिसतात. चौकोनाचे चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि शेपटीचे तीन म्हणजे ती बाज पळवायला आलेले चोर. ध्रुवाभोवती सगळं आकाश फिरतं, पण चोर आणि बाज यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. चोरी कधीच पुरी होत नाही. ऋषींच्या कथेपेक्षा या कथेत हालचाल जास्त आहे, आणि आकाशाचं फिरणं मुलाच्या डोक्यात कायमचं बसवायला ती जास्त कामाची आहे असं मला वाटतं.

काळाच्या बाबतीत तर या परंपरा आपल्याला थक्क करतात. पॅट्रिक नन आणि निकोलस रीड या दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी किनाऱ्याभोवतीच्या २१ ठिकाणच्या आदिवासी गोष्टी गोळा केल्या. जिथे आज समुद्र आहे तिथे पूर्वी जमीन होती, पाणी चढत आलं आणि ती बुडाली, असं त्या गोष्टी सांगतात. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली त्याच्याशी ताडून पाहता या आठवणी ७,००० वर्षांहून जुन्या ठरतात असं त्यांचं म्हणणं आहे. अमेरिकेत ऑरेगनमधल्या क्लॅमथ लोकांच्या कथेत पाताळाचा देव आणि आकाशाचा देव यांचं युद्ध होतं आणि डोंगर कोसळून खड्डा पडतो. भूशास्त्र सांगतं की माउंट मझामा हा ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटला, त्याचा माथा खचला आणि तिथे आजचं क्रेटर लेक तयार झालं.

मग विज्ञानकथेला सतत छळणारा एक प्रश्न घ्या. अणुकचरा पुरलेल्या जागेबद्दलचा इशारा दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला कसा द्यायचा? यावर अभियंते आणि भाषातज्ज्ञ गेली अनेक दशकं डोकं खपवत आहेत. सात हजार वर्षं निरोप पोचवून दाखवलेली माणसं आज हयात आहेत. त्या परिसंवादाला पहिलं आमंत्रण कुणाला जायला हवं ते उघड आहे.

एक सावधगिरी. दर गोष्टीत असा भूशास्त्रीय पुरावा शोधत बसू नये. बऱ्याच गोष्टी नाती, हक्क, जंगलाची शिस्त, मेलेल्यांशी बोलणं याबद्दल असतात. त्यांचं मोल आपल्या पुराव्यावर ठरत नाही.

तर्कसंगत

धाग्याच्या हेतूबद्दल आदर आहे, पण माझी काळजी गंभीर आहे आणि ती मांडतोच.

विज्ञानकथेच्या मंचावर परंपरागत गोष्ट आणली, की तिच्या पाठोपाठ ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ हा दावा येतो. प्राचीन विमानविद्येचा ग्रंथ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या वैमानिकशास्त्राचं उदाहरण समोर आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्या ग्रंथाची चिकित्सा केली. तो १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. तरीही दर काही वर्षांनी तो दावा परत डोकं वर काढतो.

पश्चिमेतही हेच. आफ्रिकेतल्या डोगोन लोकांना व्याधाच्या अदृश्य जोडीदार ताऱ्याची माहिती होती आणि ती परग्रहवासीयांनी दिली, असं सांगणारं पुस्तक १९७६ मध्ये आलं आणि प्रचंड खपलं. पुढे वॉल्टर व्हान बेक या मानवशास्त्रज्ञाने डोगोनांमध्ये दीर्घकाळ काम केलं. त्याने १९९१ मध्ये लिहिलं की त्या ज्ञानाला पुष्टी देणारं त्याला तिथे काही आढळलं नाही.

विज्ञानकथा वाचणारा वाचक विज्ञानावर प्रेम करतो. त्याच्या संमेलनात दंतकथेला विज्ञानाचा शिक्का मिळू लागला तर ती विज्ञानकथेची हानी आहे. ‘साजरं करण्या’च्या उत्साहात चिकित्सा कुठे राहणार, हे मला आधी कळायला हवं.

मूळनक्षत्र

तर्कसंगत, तुमची काळजी खरी आहे. डोगोनांचं उदाहरण तुम्हीच दिलंत हे बरं झालं, कारण त्यात नेमकं कुणी काय केलं हे पाहण्यासारखं आहे.

परग्रहवासीयांचा दावा डोगोनांनी केला नव्हता. तो बाहेरच्या लेखकाने केला. आफ्रिकेतल्या एका समाजाला आकाशाबद्दल काही ठाऊक असेल तर ते दुसऱ्या कुणीतरी दिलेलं असणार, हे त्याने गृहीत धरलं. पिरॅमिडपासून पेरूतल्या नाझ्काच्या जमिनीवरच्या रेघांपर्यंत हीच चाल दिसते: बांधणाऱ्याच्या हातून श्रेय काढायचं आणि अंतराळयानातून उतरलेल्या कुणाला तरी द्यायचं. विज्ञानकथेने या विचाराला खूप खाद्य पुरवलं आहे. डोगोनांचं म्हणणं काय, ते त्यांच्यातल्याच कुणी मंचावर येऊन सांगितलं असतं, तर ते पुस्तक इतकं चाललं नसतं.

म्हणजे चिकित्सा हवी असेल तर मधले अर्थ लावणारे कमी करा आणि गोष्ट सांगणाऱ्याला थेट बोलू द्या. म्हातारीच्या बाजेची गोष्ट सांगणारा गोंड माणूस असा दावा करत नाही की तिथे खरंच बाज आहे. गोष्ट आणि वस्तुस्थिती यांतला फरक त्याला आपल्याइतकाच कळतो. विमानांचा ग्रंथ पुढे करणाऱ्यांचं प्रकरण निराळं आहे. त्यांना भूतकाळाची सत्ता हवी असते. मी ज्यांच्याबद्दल बोलतेय त्यांना भविष्यात जागा हवी आहे.

जुनी वही

प्रादेशिक भाषांच्या बाजूने चार शब्द. धाग्याच्या शीर्षकात त्या आहेत आणि चर्चा पूर्ण आदिवासी कथनाकडे गेली आहे. ती जावी, पण हेही नोंदलेलं असू द्या.

भारतीय भाषांतली विज्ञानकथा इंग्रजीची नक्कल म्हणून जन्मली असा समज बाहेरच्या संमेलनांत सहज आढळतो. जगदीशचंद्र बसूंनी १८९६ साली बंगालीत लिहिलेल्या कथेत डोक्याला लावायच्या तेलाची बाटली समुद्रात ओतून वादळ शमवलेलं आहे. पृष्ठताणाचं शास्त्र आणि बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ यांची ती सांगड आहे. तिला अस्सल स्थानिक म्हणायचं नाही तर कशाला?

मराठीत जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. त्याच्या पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी मराठीत येऊ घातलेल्या या विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या थोर अभ्यासक. गोंडांमध्ये जाऊन राहिलेल्या, लोककथांची बांधणी उलगडून दाखवणाऱ्या. त्यांनाच नवी विज्ञानकथा आधी ओळखू आली, हा मला योगायोग वाटत नाही. जो लोककथा नीट ऐकतो त्याला कल्पनेची शिस्त कळते. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं. म्हणजे मराठीच्या मुख्य मंचाने विज्ञानकथेला आत घ्यायला पंचेचाळीसहून अधिक वर्षं घेतली.

आता विज्ञानकथेच्या मंचाने लोककथेला आत घ्यायला तेवढीच वर्षं घेऊ नयेत, एवढंच माझं मागणं.

पाऊलखूण

दुर्गाबाईंबद्दल हे माहीत नव्हतं. वाचतेय. सत्र प्रत्यक्षात कसं घ्यायचं यावर कुणी अनुभवी बोललं तर फार बरं होईल.

रानपाखरू

मी तोंडी परंपरांच्या ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, त्यामुळे पाऊलखूण यांच्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहिते.

संमेलनवाल्यांच्या मनात पहिला विचार येतो तो ‘कुणाला बोलवायचं’. त्याच्याही आधीचा प्रश्न आहे, ‘कुठली गोष्ट तिथे सांगता येते’. सगळ्याच गोष्टी सगळ्यांसाठी नसतात. काही फक्त बायकांच्या, काही एकाच कुळाच्या, काही विशिष्ट विधीच्या वेळीच म्हणायच्या. अमेरिकेतल्या दिने म्हणजे नवाहो लोकांमध्ये कोल्ह्याच्या, म्हणजे कायोटीच्या गोष्टी हिवाळ्यातच सांगतात. आता वर्ल्डकॉनचं वेळापत्रक बघा. ते बहुतेक वर्षी ऑगस्ट किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला असतं. कितीही प्रेमाने आमंत्रण दिलं, तरी उत्तर गोलार्धात त्या दिवसांत ती गोष्ट सांगितली जाणार नाही. आयोजकांनी तो नकार आदराने घ्यावा आणि विचारावं, ‘मग उन्हाळ्यात सांगता येईल असं काय आहे?’ या एका प्रश्नाने सत्राचा सगळा सूर बदलतो. कारण ठरवणारा बदलतो.

दुसरं, लेखकाचा हक्क कुठपर्यंत. २०१८ साली रिबेका रोनहॉर्स यांची पहिली कादंबरी आली. प्रलयानंतरच्या नवाहो भूमीवर घडणारी, त्यांच्या देवतांना पात्रं करणारी. विज्ञानकथेच्या जगात तिचं भरपूर कौतुक झालं. त्याच वर्षी दिने लेखक आणि अभ्यासकांच्या एका गटाने जाहीर पत्र लिहून हरकत घेतली की आमच्या पवित्र कथा परवानगीशिवाय आणि चुकीच्या पद्धतीने वापरल्या आहेत. वाचकांमध्ये यावर दोन्ही बाजूंनी मतं आहेत, दिने वाचकांमध्येसुद्धा. माझं मत विचाराल तर असा वाद हाच संमेलनातल्या परिसंवादाचा उत्तम विषय आहे. दोन्ही बाजू त्याच समाजातल्या असाव्यात. बाहेरच्यांनी ऐकावं.

तिसरं, प्रक्षेपण. हल्ली प्रत्येक सत्र चित्रित होऊन कायमचं आंतरजालावर जातं. तोंडी गोष्ट अशी सुटली की ती परत आणता येत नाही. यावर चांगला मार्ग निघालेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांबरोबर काम करताना ‘मुकुर्तू’ नावाची संगणकप्रणाली तयार झाली. तिच्यात प्रत्येक ध्वनिफीत, छायाचित्र, गोष्ट कुणी पाहायची हे त्या त्या समाजाच्या रीतीप्रमाणे ठरवता येतं. आज जगभरचे आदिवासी समाज ती वापरतात. संग्रहातली नोंद कुणाला दिसावी हे नात्यांवरून आणि रीतीवरून ठरवणारं यंत्र! विज्ञानकथेच्या लोकांनी यावर स्वतंत्र सत्र ठेवावं इतकी ती भारी कल्पना आहे.

अक्षांश

रानपाखरू, ‘ठरवणारा बदलतो’ हे फार महत्त्वाचं. अमेरिकेतल्या हवाई बेटांचं उदाहरण मला सारखं आठवतं.

२०१७ मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेला पहिला पाहुणा सापडला, त्याला ‘ओउमुआमुआ’ हे हवाई भाषेतलं नाव मिळालं. एप्रिल २०१९ मध्ये एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा जाहीर झाली, तेव्हा हवाई भाषेचे प्राध्यापक लॅरी किमुरा यांनी त्याला ‘पोवेही’ हे नाव सुचवलं. ते कुमुलिपो या दोन हजारांहून अधिक ओळींच्या सृष्टिगीतातून घेतलेलं आहे. सगळीकडे आनंदाने स्वागत झालं. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मौनाकिया पर्वतावर नव्या तीस मीटर दुर्बिणीच्या बांधकामाला विरोध करत रस्त्यात बसलेल्या हवाईयन वडीलधाऱ्यांना अटक झाली.

दोन्ही घटना एकाच बेटावरच्या. नाव हवं, पण डोंगराबद्दलचं मत नको, असं व्हायला नको.

याला आशादायक बाजूही आहे. हवाईतल्या हिलो शहरातल्या इमिलोआ या खगोल केंद्राच्या उपक्रमात हवाई भाषेतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी लघुग्रहांना नावं दिली. त्यांतला कामोओआलेवा पृथ्वीच्या सोबतीने सूर्याभोवती फिरतो, आणि २०२५ मध्ये निघालेलं चीनचं तियानवेन-२ यान त्याच्याकडेच चाललं आहे. ही मुलं पाच-दहा वर्षांनी विज्ञानकथा लिहितील. त्यांच्यासाठी संमेलनात खुर्ची राखून ठेवलेली असली पाहिजे.

सांगावा

वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता इथे यायलाच हवी. ‘गोधड’ या संग्रहात आहे. आम्ही मंचावर गेलो नाही, आम्हाला बोलावलंही नाही, आम्ही खाली बसून राहिलो आणि ते वर उभे राहून आम्हाला आमचंच दुःख सांगत राहिले, असा तिचा आशय. कवी स्वतः भिल्ल. कुठल्याही संमेलनाच्या कार्यक्रम समितीने पहिल्या बैठकीत ही कविता मोठ्याने वाचावी, मग वेळापत्रक लिहायला घ्यावं.

आता पैशाचं बोलतो, कारण ते कुणी बोललं नाही. विज्ञानकथेची बहुतेक संमेलनं स्वयंसेवक चालवतात. परिसंवादात बोलणाऱ्यांना सहसा मानधन नसतं, अनेकदा सदस्यत्वसुद्धा स्वतःच्या खर्चाने घ्यावं लागतं. नोकरीपेशातल्या लेखकाला ते जमतं, त्यात त्याच्या पुस्तकाची प्रसिद्धीही होते. ज्याचं पुस्तक नाही, ज्याची कला म्हणजे गोष्ट सांगणं हीच, त्याला हा व्यवहार परवडत नाही.

आणि परंपरेत कथा फुकट नव्हतीच. गोंडांचे कथेकरी म्हणजे प्रधान. ते बाना हे तंतुवाद्य वाजवत यजमानाच्या घरी वंशावळी आणि देवांच्या कथा गातात, आणि यजमानाने त्याबद्दल धान्य, कपडा, जनावर द्यायचं हा दोघांमधला ठरलेला संबंध. तेव्हा मानधन देण्यात उपकार नाही. ते न देणं म्हणजे परंपरेचा अर्धा भाग कापून टाकणं. प्रवास, राहणं, सोबत येणाऱ्या माणसाचा खर्च आणि मानधन हे अंदाजपत्रकात पाहुण्या लेखकाच्या खर्चाच्या ओळीतच असावं. ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ या शीर्षकाखाली नको.

तर्कसंगत

धागाकर्तीचं उत्तर आणि रानपाखरू यांचा प्रतिसाद वाचून माझा बराचसा विरोध मावळला. मध्यस्थांचे अर्थ आणि सांगणाऱ्याची गोष्ट हे वेगळं धरायला हवं, हे पटलं.

तरी एक आग्रह राहतो. वेधशाळा यांनी दिलेल्या समुद्रपातळीच्या उदाहरणासारखं सत्र असेल तर त्यात भूशास्त्रज्ञही हवा, आणि दोघांना एकमेकांना प्रश्न विचारता यायला हवेत. सात हजार वर्षं हा मोठा दावा आहे. तोंडी आठवण इतकी टिकते का, यावर अभ्यासकांमध्येच शंका आहेत. शंका विचारणं म्हणजे अनादर असं वातावरण झालं, तर मग ते सत्र नुसतं सत्काराचं होईल.

कातळ

तर्कसंगत यांच्याशी सहमत. शंका ही सुद्धा दाद असते.

मला कथांच्या गाभ्याबद्दल बोलायचं आहे. जगाचा अंत हा विज्ञानकथेचा आवडता विषय. आदिवासी लेखक त्याला हात घालतात तेव्हा काळच उलटा होतो. त्यांच्यासाठी जग एकदा संपून गेलेलं आहे. रोगराई, जमिनी जाणं, भाषा तोडणाऱ्या निवासी शाळा, हे सगळं होऊन गेलं. कॅनडातल्या मेटी या आदिवासी समाजातल्या लेखिका शेरी डिमालाइन यांच्या २०१७ च्या कादंबरीत हवामान कोसळलंय आणि बाकीच्या माणसांची स्वप्नं पडण्याची शक्तीच गेली आहे. ती फक्त आदिवासींच्या अस्थिमज्जेत उरली आहे, म्हणून त्यांची शिकार होते. पकडून नेतात त्या जागांना नाव ‘शाळा’. ही कल्पना कुणाला अतिशयोक्त वाटेल, पण लेखिकेने भूतकाळातलं यंत्र उचलून भविष्यात ठेवलंय, एवढंच.

रोनहॉर्स यांच्याच २०१८ मध्ये ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळवणाऱ्या लघुकथेत आभासी जगात ‘अस्सल इंडियन अनुभव’ पर्यटकांना विकणारा नायक आहे. गिऱ्हाईकाला हवं तसं आदिवासीपण तो रोज वठवतो, आणि एक गिऱ्हाईक हळूहळू त्याचं आयुष्यच बळकावतं. पाहुण्यांना काय आवडेल याचा विचार करून सत्र आखणाऱ्या प्रत्येक आयोजकाने ती वाचावी. आपण आणि तो पर्यटक यांत अंतर किती, हे तपासून पाहायला ती फार उपयोगी आहे.

मूळनक्षत्र

इतकं भरभरून लिहिलंत, मी सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. यांतून माझ्या मनात जे सत्र उभं राहिलं ते लिहिते, तुम्ही त्यात दुरुस्त्या सांगा.

विषय एकच, ‘हजारो वर्षं टिकणारा निरोप’. मंचावर चौघं: किनाऱ्याच्या आठवणींची परंपरा असलेल्या समाजातले एक कथेकरी, त्याच समाजातली एखादी तरुण विज्ञानकथा लेखिका, भूशास्त्रज्ञ आणि अणुकचऱ्याच्या खुणांवर काम करणारं कुणीतरी. सूत्रसंचालन लेखिकेकडे. सुरुवात गोष्टीने, आणि तिला तिचा पूर्ण वेळ. तोंडी गोष्ट दहा मिनिटांत बसवा असं सांगितलं की तिचा सांगाडा तेवढा उरतो. पुनरुक्ती, गाणं, श्रोत्यांकडून हुंकार घेणं हे सगळं आधी कापलं जातं, आणि निरोप टिकवून धरण्याचं काम तर तेच करत असतं. म्हणून नेहमीचा तास पुरणार नाही, सलग दोन तास हवेत. चित्रण होणार की नाही हे कथेकरी ठरवतील, आणि तसं दारावर लिहिलेलं असेल.

जागा मुख्य सभागृह. यावर मी अडून बसेन. त्याच वेळी दुसरीकडे गाजलेल्या लेखकाचं सत्र ठेवू नये, नाहीतर ऐकायला तेवढीच माणसं येतील ज्यांना हे आधीपासून पटलेलं आहे.

प्रादेशिक भाषांसाठी जुनी वही यांचा मुद्दा धरून दुसरं सत्र हवं. त्यात भारतीय भाषा, चिनी, जपानी, आफ्रिकेतल्या भाषा यांतले लेखक आणि अनुवादक शेजारी शेजारी. आफ्रिकेत २०१७ पासून नोम्मो पुरस्कार दिले जातात, त्यांचं नाव डोगोनांच्याच कथांमधून आलं आहे. परग्रहवासीयांच्या नावावर खपवलेली ती पुराणकथा आफ्रिकी विज्ञानकथाकारांनी अशी परत आपल्या हातात घेतली, हे तर्कसंगत यांना आवडेल.

तर्कसंगत

आवडलं. आणि भूशास्त्रज्ञाला टेबलावर ठेवल्याबद्दल धन्यवाद.

पाऊलखूण

भाषेचं काय? कथेकरी त्यांच्या भाषेत सांगणार, समोरच्या हजार जणांना ती येणार नाही. कानात यंत्र लावून तत्क्षणी अनुवाद द्यायचा का?

रानपाखरू

मी तरी देणार नाही. कानात दुसरा आवाज चालू असला की सांगणाऱ्याचा श्वास, थांबे, हेल काही ऐकू येत नाही, आणि कथेकऱ्यालाही कळतं की समोरचे आपल्याकडे पाहताहेत पण ऐकताहेत दुसऱ्याचं. आधी गोष्ट मूळ भाषेत पूर्ण होऊ द्यावी. त्यानंतर त्याच समाजातल्या माणसाने ती श्रोत्यांच्या भाषेत सांगावी, स्वतःच्या शब्दांत. मधल्या वीस मिनिटांत सभागृहाला काही समजणार नाही. विज्ञानकथेच्या वाचकाला अनोळखी भाषेपुढे शांत बसण्याची सवय असायला हवी. सांगावा, अंदाजपत्रकात या दुसऱ्या माणसाचंही पूर्ण मानधन धरा, त्याला ‘मदतनीस’ म्हणून लिहू नका.

सांगावा

धरलं. दोघांचं सारखंच.